फुली मारलेला सेल

“गाडी पुन्हा बंद पडली,” ती फोनवर म्हणाली. आवाजात घाई नव्हती, वैतागही नव्हता. दूध संपलंय, एवढंच सांगावं तसं.

किल्लीवाले वीस मिनिटांत हजर झाले. या नव्या गाड्यांच्या किल्ल्या दुरुस्त करणं हा त्यांचा धंदा. तिला किल्ली म्हणायचं ते उगीच मान म्हणून. ती खिशात ठेवायची, गाडीनं ती हवेतूनच ओळखायची आणि आपण नुसतं बटण दाबायचं. गाडीनं ओळख दाखवली नाही, की एवढी महागडी वस्तू जागची हलत नाही.

ती गाडीत बसली होती, दोन्ही हात मांडीवर. दार तिनं किल्लीच्या पोटातल्या लोखंडी पात्यानं उघडलं होतं. समोर पिवळी अक्षरं लागली होती : किल्ली सापडत नाही.

“सोमवारीच नवा सेल घातलाय मी, ताई.”

“हो. मंगळवारी, बुधवारी नीट चालली.”

“दुसरी किल्ली?”

“ह्यांच्या खिशात होती. दवाखान्यातून कपडे परत आले, किल्ली नाही आली.”

त्याला चार महिने झाले होते.  

“अकराला कामावर पोचायचंय,” ती म्हणाली. “सोमवारी खाडा झाला. आज नाही गेले तर जागा दुसरीला देणार आहेत. तिकडे बस जात नाही.”

“मग बटणाला टेकवून नाही पाहिली?”

“काय टेकवून?”

किल्लीवाल्यांच्या कपाळावर आठी पडली. त्यांनी किल्ली उघडली आणि सेल तळहातावर उलटा केला. त्यावर टोकदार कशानं तरी ओढून काढलेली बारीक फुली होती. ते बराच वेळ त्या फुलीकडे बघत राहिले.

“किल्ली घरात कुठे असते?”

“दाराजवळच्या वाडग्यात.”

“घरात कोण कोण?”

“मी आणि बाबा. माझे सासरे.”

“किल्लीला हात कोण लावतं?”

“कोणीच नाही. माझंच काहीतरी चुकत असेल. परवा गॅस चालू ठेवून निघाले होते. माझं डोकं ठिकाणावर नाहीये, काका.”

हे ऐकून किल्लीवाल्यांना वाईट वाटलं. मग रागही आला.

दोघं आत आले. सासरे जेवणाच्या टेबलाशी बसले होते. समोर रक्तातली साखर मोजायचं यंत्र.

“शेजाऱ्यांनी फाटकाला विजेची मोटर बसवलीय,” कोणी विचारलं नसताना ते म्हणाले. “त्यामुळे बिघडत असेल.”

“असेल. आज साखर किती, आजोबा?”

“एकशे बावन्न.”

चष्मा तर कपाळावर चढवलेला होता. सोमवारी याच यंत्राचे पुसट आकडे वाचायला आजोबा खिडकीशी गेले होते.

“बघू जरा ते यंत्र.”

आजोबांनी यंत्रावर हात ठेवला.

“ताई, बसा दोन मिनिटं,” किल्लीवाले म्हणाले. “माझ्या दोन सवयी आहेत. नवा सेल घालताना त्यावर मी पेनानं तारीख टाकतो. जुन्यावर फुली ओढतो आणि तो गिऱ्हाईकाच्याच हातात देतो, मागून शंका नको म्हणून. सोमवारी तुम्ही फोनवर होतात. फुलीवाला सेल मी आजोबांच्या हातात दिला. आज तोच किल्लीत निघाला. सेल काही आपल्या पायानं परत गेला नाही.”

ती बाबांकडे बघत होती.

“दुसरी गोष्ट. सेल मेला तरी किल्ली थेट बटणाला टेकवून दाबली की गाडी सुरू होते. हेही सोमवारी मी आजोबांना सांगितलं. ‘सांगतो तिला,’ म्हणाले. सांगितलं नाही. या यंत्रालाही हाच सेल लागतो. आता त्यात तारखेचा सेल नसला, तर मी पाय धरून माफी मागतो.”

आजोबांनी हात काढला. मागचं झाकण स्वतःच उघडलं. सेलवर सोमवारची तारीख होती.

“का, बाबा?” तिनं विचारलं. “मला वाटलं मला वेड लागतंय.”

“सोमवारी गाडी सुरू झाली नाही, म्हणून तू दुपारी घरी होतीस.” त्यांनी तो सेल बाहेर काढला. “आपण दोघं जेवलो. तू दुसऱ्यांदा वाढून घेतलंस. तो गेल्यापासून पहिल्यांदा. मी म्हटलं, अजून एक दिवस.”

“मला आठवत नाही.”

“मला आठवतंय.”

 किल्लीवाल्यांचा राग कुठल्या कुठे गेला होता. त्यांनी पिशवीतून नवा सेल काढला, तारीख टाकली आणि किल्लीत बसवला. आजोबांनी यंत्रातला सेल पुढे केला, तर तिनं त्यांचीच मूठ त्यावर परत मिटवली.

“राहू दे. तुम्हाला आकडे दिसायला हवेत.”

गाडी पहिल्याच दाबाला सुरू झाली. तिनं काच खाली केली. चेहरा होता तसाच होता.

“बाबा, टेकवायची युक्ती मला आता कळलीय.”

“हो गं.”

“साडेसहाला येते. जेवायला थांबा.”

गाडी वळणाआड गेली. सकाळचे सव्वादहा वाजले होते. आजोबा आत गेले आणि त्यांनी दोन ताटं काढून टेबलावर मांडली.