निघालोय

गंधार, फोन ठेव आधी. काय म्हणालास आत्ता त्या मित्राला? ‘निघालोय, पोचतोच.’ आणि बसलायस इथे कसबा पेठेत, माझ्या दुकानात, हातात अर्धा कप चहा घेऊन. रागावत नाही रे, सगळेच म्हणतात तसं. अस्मिता, ते शटर अर्धं खाली ओढ, आता गिऱ्हाईक काही येत नाही. उद्या रात्री तुम्हाला कात्रज-सिंहगड चालायचंय, टॉर्च न्यायला आलात, तर एक हकिगत ऐकून जा. खरी आहे. ज्याच्या बाबतीत घडली तो याच स्टुलावर बसायचा. आता हैदराबादला असतो. दर त्रिपुरी पौर्णिमेला पुण्यात येतो, आणि कशाला येतो ते मी त्याला विचारत नाही.

उत्तरेश्वर त्याचं नाव. लातूरकडचा. येरवड्याला एका खोलीत दोघे भाऊ राहायचे. हा नोकरीला, आणि धाकटा दिग्विजय इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. उत्तरेश्वर सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंगला होता. म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढायच्या. पुण्यात हे काम लोक आवडीनं फुकट करतात, याला त्याचा पगार मिळायचा.

धाकट्याला डोंगरांचं भारी वेड. तेव्हा ते हातात मावणारं जीपीएस नुकतंच लोकांच्या कानावर यायला लागलं होतं. आकाशातल्या उपग्रहांवरून तुम्ही नेमके कुठे उभे आहात ते सांगणारं यंत्र. इथे मिळायचं नाही, अमेरिकेहून कोणाकरवी मागवावं लागायचं. दिग्विजयनं दादाकडे धोशा लावला होता. दादाच्या कंपनीतली माणसं महिन्याआड अमेरिकेला जात-येत. पण उत्तरेश्वर दर वेळी म्हणायचा, पुढच्या वेळी आणवू.

शनिवार, आठ नोव्हेंबर दोन हजार तीन. त्रिपुरी पौर्णिमा. त्या रात्री दोघांनी मिळून कात्रज-सिंहगड करायचं ठरलं होतं. संध्याकाळी ऑफिसात काहीतरी निघालं, सोमवारी माल अमेरिकेला द्यायचा होता, आणि उत्तरेश्वर अडकला. त्यानं भावाला सांगितलं की तू बसनं पुढे हो, मी मोटरसायकल कात्रजच्या जुन्या बोगद्यापाशी, वाट सुरू होते तिथे लावतो आणि मागून गाठतो. साडेदहाला भावाचा मेसेज आला, निघालास का? यानं उत्तर पाठवलं, ‘निघालोय.’

खुर्चीत बसूनच पाठवलं. मनात होतं त्याच्या निघायचं, आपल्या सगळ्यांच्या मनात असतंच. मग कोणीतरी हाक मारली, यानं फोन ड्रॉवरमध्ये टाकला आणि कामाला लागला. ड्रॉवर उघडला तो सकाळी सातला. एक मेसेज होता. रात्री दोन वाजून चाळीस मिनिटांचा. तेव्हा सगळे लिहायचे तसं इंग्रजी अक्षरांतलं मराठी. ‘थांबलोय. ये.’

दिग्विजय तिसऱ्या दिवशी सापडला, दरीत. त्याची सॅक वर, उताराच्या माथ्यावर एका खडकापाशी व्यवस्थित ठेवलेली होती. पाय मुरगळला होता. हळूहळू मागे फिरला असता तर बोगद्यापर्यंत आला असता. पण दादा निघालाय म्हटल्यावर तो कशाला मागे फिरतो? बसून राहिला. पहाटे कधीतरी उठताना तोल गेला असावा, असं शोधायला गेलेले लोक म्हणाले. त्यांच्यातल्या एकाकडे जीपीएस होतं. त्यानं सॅक होती त्या जागेचे आकडे एका चिठ्ठीवर लिहून उत्तरेश्वरला दिले. अक्षांश, रेखांश. ती चिठ्ठी त्यानं पाकिटात ठेवली. ‘निघालोय’चं मात्र कोणालाही सांगितलं नाही. आईला तर नाहीच.

वर्ष सरत आलं तशी आई, द्वारकाबाई, गावाहून आली. घरी वळलेली त्रिपुरवात, एक पणती, तेलाची छोटी बाटली. म्हणाली, “तिथं दिवा लाव, बाबा. न्हाईतर ते लेकरू तिथंच बसून ऱ्हाईल, कुणाची तरी वाट बघत.”

कुणाची, ते तिला माहीत नव्हतं.

तेव्हा तो पहिल्यांदा माझ्या दुकानात आला, कुठलं जीपीएस घ्यावं ते विचारायला. मी विकत नव्हतो, पण डोंगरात फिरणारे सगळे इथेच टेकायचे, त्यामुळे ऐकून ऐकून माहिती झाली होती. रंगीत पडद्याचं नको, सेल खातं. नकाशावालं नको, कारण आपल्याकडचा नकाशा त्यात नसतोच, दोन हायवे आणि बाकी कोरी पाटी. साधं, करड्या पडद्याचं, पाण्यानं न बिघडणारं घे म्हटलं. आकडे घातलेस की बाण दाखवेल आणि किती मीटर उरले ते सांगेल. वर्षभर जे मागवायला जमलं नव्हतं ते पंधरा दिवसांत आलं. यंत्र माझ्यापुढे ठेवताना त्याचा चेहरा बघवत नव्हता.

मी त्याला तीन गोष्टी बजावल्या. वर आकाश मोकळं पाहिजे. बाण सरळ रेघेत जातो, कडा, दरी, काटे त्याला कळत नाहीत, तेव्हा डोकं आपलं वापरायचं. आणि तिसरी म्हणजे तुम्ही चालत असाल तरच त्याला दिशा कळते. तुम्ही थांबलात की तेही थांबतं.

चिठ्ठीवरचे आकडे त्यानं ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत भरले. पॉइंटला नाव दिलं, भावाचं.

शुक्रवार, सव्वीस नोव्हेंबर दोन हजार चार. तिथीनं वर्ष त्याच रात्री भरत होतं. कात्रजची शेवटची बस धरून तो उतरला, जुन्या बोगद्यापर्यंत चालत गेला आणि दहा वीसला वाटेला लागला. एकटाच. चांदणं लख्ख होतं. उजव्या हाताला पुण्याचे दिवे, डाव्या हाताला खाली शिवापूरचा हायवे. एक टेकडी चढायची, उतरायची, पुढची चढायची. आकडा कमी होत होता. पाच किलोमीटर. साडेतीन. दोन. मागचं वर्षभर त्याला झोप धड लागली नव्हती, पण त्या रात्री चालताना बरं वाटत होतं, असं तो म्हणाला. निदान या वेळी आपण खरोखर निघालो आहोत.

पाऊण किलोमीटर उरलं तेव्हा बाणानं वाट सोडली. डावीकडे, शिवापूरच्या अंगाला, खाली. तो उतरला. गवत छातीपर्यंत, मधूनमधून काटे. शोधणाऱ्यांनी खडक सांगितला होता, माथा सांगितला होता. इथे खडक नव्हता आणि माथा तर मागे वर राहिला होता. त्याला ते खटकलं. पण माणूस चुकतो, आकडा चुकत नाही, असं मानणाऱ्यांतला तो. चार मीटर, असं पडद्यावर आलं तिथे थांबला.

दोन वाजून दहा मिनिटं.

गवत तुडवून जागा केली. पणती ठेवली, तेल घातलं, वात लावली. ज्योत सरळ उभी राहिली. वारा नव्हताच. यंत्र मांडीवर ठेवून तो बसला. म्हणाला, “आलो रे.”

काही नाही. रातकिडे.

थोड्या वेळानं रातकिडे थांबले.

त्यानं सहज खाली पाहिलं. चार मीटरचे अकरा झाले होते. होतं असं कधीकधी, दहा-बारा मीटर इकडेतिकडे. तो पाहत राहिला. वीस. एकतीस. खाली वेगाचा आकडा असतो, ताशी किती किलोमीटर. तिथे दोन होतं.

तो बसलेला होता. यंत्र मांडीवर होतं.

साठ. नव्वद... बाणसुद्धा फिरत होता. सावकाश. कोणीतरी यंत्र हातात धरून चढ चढावा, मधे दम खावा, पुन्हा चालावं, तसं.

दोनशे.

त्याला उठवेना. तीनशे दहा... चारशे... मधे वेग शून्य झाला. पुन्हा एक. लंगडत चालणाऱ्या माणसाचा असतो, तेवढा.

पाचशे चाळीस.

तिथे थांबलं.

त्यानं घड्याळ पाहिलं. दोन छत्तीस. यंत्र बंद केलं. तेवढ्यानं धीर येईना. मागचं झाकण काढलं, दोन्ही सेल काढले, सेल खिशात टाकले. काळा पडदा. आता काही नाही. आता...

वर माथ्यावर उजेड दिसला.

टॉर्चचा. पिवळा, सेल उतरत आल्यासारखा. त्याला वाटलं, एखादा ग्रुप असेल, पौर्णिमा आहे. पण ग्रुप बोलतो. ग्रुप चालतो. हा उजेड एका जागी होता. आणि त्याचा रोख खाली होता, सरळ याच्याकडे.

“कोण आहे?”

उजेड एकदा वर गेला, एकदा खाली आला. लांबच्या माणसाला ये म्हणून खुणावतात तसा.

बस. मग पुन्हा स्थिर.

मुलांनो, तो मला खोटं सांगू शकला असता. त्यानं सांगितलं नाही. तो म्हणाला, काका, मला कळलं होतं. कोण आहे ते मला पहिल्या क्षणाला कळलं होतं. चढून जायला वीस मिनिटं लागली असती. ज्याच्यासाठी मी वर्षभर रडलो, त्याच्याकडे जायचं होतं फक्त. आणि माझ्या तोंडून आवाज निघाला. मोठ्यानं, अगदी नेहमीचा.

“थांब रे. निघालोय.”

आणि तो उलटा पळाला.

हायवेच्या दिव्यांकडे. काट्यांतून, घसरत, पडत. मागे पाहिलं नाही. उजाडताना शिवापूरला पोचला तेव्हा पायांत एकच बूट होता. एका टेम्पोवाल्यानं स्वारगेटला सोडलं.

घरी आई जागी होती. लावला दिवा, एवढंच तो बोलला. तिनं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, “लई बरं झालं. आता उठंल ते तिथनं.”

रविवारी संध्याकाळी तो इथे आला. असंच शटर अर्धं ओढलेलं होतं. सगळं सांगितलं त्यानं, ‘निघालोय’ दोन्ही वेळचं. ऐकून मला फार वाईट वाटलं. काहीतरी करायचं म्हणून मी त्याची चिठ्ठी मागितली.

चिठ्ठीवर अंश, मिनिटं आणि सेकंद लिहिलेले होते. तेवीस मिनिटं, एकेचाळीस सेकंद, असं. आणि यंत्र नवीन असताना सेकंद दाखवत नाही, मिनिटाचे दशांश दाखवतं. यानं एकेचाळीस सेकंद तिथे तेवीस पूर्णांक एकेचाळीस म्हणून भरले होते. जगाच्या चुका काढणारा माणूस, स्वतःची ही एक चूक त्याला दिसली नव्हती. कागदावर मांडून पाहिलं. फरक अर्ध्या किलोमीटरच्या थोडा वर आला. पाचशे चाळीस मीटर. खरी जागा उत्तरेला, वर, माथ्यावर.

दिवा भलत्याच जागी लागला होता, आणि घरी आई समाधानानं झोपत होती.

मी म्हटलं, आण ते यंत्र, आकडे नीट भरून देऊ. त्यानं पिशवीतून काढलं. सेल अजून त्याच पँटच्या खिशात होते, शुक्रवारच्या. माझ्यासमोर घातले. मी सेटिंग बदलून सेकंदांवर आणलं आणि पॉइंटांची यादी उघडली.

यादीत एकच पॉइंट असायला हवा होता. दोन होते.

दुसरा तू भरलास का, मी विचारलं. त्यानं नाही म्हणून मान हलवली. चुकून बटण दाबलं गेलं तर यंत्र नुसता एक आकडा टाकून मोकळं होतं. नाव द्यायचं तर एकेक अक्षर बटणानं वर-खाली करून शोधावं लागतं, बराच वेळ जातो. याला नाव होतं. इंग्रजी लिपीतली आठ अक्षरं.

आधी मी जागा पाहिली. चिठ्ठी शेजारी धरली. अंश जुळले. मिनिटं जुळली. एकेचाळीस सेकंद. खालच्या ओळीतले, रेखांशाचे सेकंदही जुळले. मग पॉइंट केव्हा टाकला ती वेळ पाहिली, यंत्र ती आपोआप नोंदतं. सत्तावीस नोव्हेंबर, दोन वाजून चाळीस मिनिटं. तेव्हा सेल उत्तरेश्वरच्या खिशात होते.

नाव त्यानंच वाचलं, हळू आवाजात.

थांबलोय.