जड उचलायचं नाही

नव्या डुकरिणीला तपासायला ती पिंजऱ्यापाशी गेली, तर आत एक उंच माणूस उकिडवा बसून डुकरिणीचं पोट खाजवत होता! डुकरीण डोळे मिटून आडवी, अगदी सुखात.

"अहो, तुम्ही कोण? आणि हिचे एवढे लाड कशाला?"

"मी नवा सर्जन. परवा हिची महाधमनी मीच फाडणार आहे… म्हटलं, आधी ओळख तरी करून घ्यावी."

ती जनावरांची डॉक्टर. या प्रयोगशाळेतलं काम असं, की हृदयातून निघणारी ती मोठी रक्तवाहिनी आतून चिरायची, माणसात फाटते तशी, आणि ती सांधायची नवी रीत शोधायची. भूल हिनं द्यायची, चिरायचं त्यानं, आणि शेवटचं इंजेक्शन पुन्हा हिनंच. बाहेर नुसती पावसाची पिरपिर, खिडक्या सदा ओल्या. अशा उदास जागी प्रेमबीम कुणाला सुचतं? पण सुचलं बाई! तो मास्कवरून तिच्याकडे बघायचा, आणि तिला मॉनिटरवरचे आकडे दिसेनासे व्हायचे.

एकच खटकायचं. भूल दिलेलं जनावर टेबलावर घ्यायची वेळ आली, की हा पठ्ठ्या मागे!

"आले आमचे नाजूक राजकुमार," ती चिडवायची. "अंगाला तोशीस नको!"

एकदा मदतनीसच आला नाही. "आज तरी हात लावा, साहेब… की मी एकटीच उचलू?"

त्यानं ओठ आवळले, वाकला, तिच्याबरोबर डुक्कर उचललं… आणि भिंतीला टेकून मटकन खाली बसला. पांढराफटक.

"अरे, काय होतंय तुला?" अहोजाहो कुठल्या कुठे पळालं.

"माझीही महाधमनी फुगलीय. बाबा त्यानंच गेले. जड उचलायचं नाही… एवढंच."

"आणि मी तुला नाजूक म्हणत होते! सांगितलं का नाहीस?"

"मग तू माझ्याकडे असं पाहिलं असतंस… आता पाहतेयस तसं."

"आणि ऑपरेशन?"

"टाळतोय. टेबलावर काय काय होतं, ते मला जरा जास्तच माहीत आहे."

ती भडकलीच. "डुकरांना विचारतोस का कधी? आणि स्वतःची पाळी आली की पळपुटेपणा! ऊठ… नको, उठू नकोस. स्ट्रेचर मागवते."

स्कॅनमध्ये फुगवटा वाढलेला निघाला. थांबून चालणार नव्हतं. तिकडे डुक्कर भुलीतून जागं झालं, त्याचं मरण तेवढं पुढं गेलं.

ऑपरेशन थिएटरच्या दारात सिस्टरनं तिला अडवलं. "तुम्ही पेशंटच्या कोण?"

"होणारी बायको."

ट्रॉलीवरून तो मान उचलून बघायला लागला. "अगं, मला कुणी विचारलंच नाही!"

"तू बाहेर आल्यावर विचारणार होते." ती ट्रॉलीवर वाकली. "आता नाही धीर धरवत. हो म्हण ना!"

"आणि मी बाहेर आलोच नाही… तर?"

"तर रडेन जन्मभर. पण तुझं 'हो' ऐकून रडेन."

त्यानं तिची बोटं घट्ट धरली. "हो," तो म्हणाला. "हो गं, वेडे."

दार मिटलं. तिनं आजवर नेहमी दाराच्या आत उभं राहून काम केलं होतं. बाहेरच्या बाकावर कसं बसायचं असतं, हे तिला ठाऊकच नव्हतं. ती बसली.