भट्टीचं झाकण

ग्यानोबाला जिवंत नांदेडच्या डॉक्टरापुढं नेऊन ठेवायचं, एवढ्यासाठी रुक्मिणबाई इस्लापूरच्या जंगलात चढावर उभी होती. नवऱ्याच्या मांडीत रझाकारांची गोळी रुतलेली, पाय सुजून माठ झालेला! स्टेशनावर त्यांचाच पहारा. आगगाडीचं नाव काढायची सोय नव्हती. उरल्या लॉऱ्या. सपाटीवर हात केला तर लॉरी थांबत नाही, चढावर तिचा दम निघतो तिथंच गाठावी, हे शहाणपण बाईला दोन लॉऱ्यांची धूळ खाऊन आलं होतं.

तिसरी चाँदपाशा नावाच्या ड्रायव्हरची निघाली. लाकडी कोळशाची पोती भरलेली. पेट्रोल मिळेना म्हणून मागं पिंपाएवढी भट्टी बसवलेली. तिच्यातल्या कोळशाच्या वायूवर इंजिन चाले. चाँदपाशानं ग्यानोबाकडं पाहिलं, रस्त्याकडं पाहिलं आणि त्याला पोत्यांखाली दडवलं.

"फुकट बसायचं न्हाई, भाबी. क्लीनर पळून गेला माझा. भट्टीत कोळसा तुम्ही घालायचा. झाकण उघडताना तोंड बाजूला घ्या, जाळ भडकतो! अन् लगेच लावा. झाकण उघडं राहिलं की इंजिन बंद पडतं, मग लौकर चालू होत न्हाई."

पहिल्याच खेपेला बाईच्या भुवया जळून गेल्या. मग मात्र ती शिकली. ओलं गोणपाट हाताला गुंडाळून ती कोळसा घालत राहिली, आणि दोन्ही बाजूंनी सागाचं रान संथपणे मागं सरकत राहिलं. पोत्यांखालून ग्यानोबाचं कण्हणं ऐकू येई, तेवढाच तिला धीर.

ओढ्याच्या उतारावर आडवा बांबू! दोन रझाकार!

एकानं चाँदपाशाला खाली ओढलं आणि बंदुकीचा दस्ता त्याच्या तोंडावर हाणला. दात फुटले. दुसरा वर चढला. संगीन पोत्यात खुपसली. खच्च! पुन्हा खच्च! तिसऱ्या वेळी ती ग्यानोबाच्या खांद्यात शिरली. त्या पठ्ठ्यानं हूं की चूं केलं नाही. संगिनीवरचं रक्त कोळशाच्या भुकटीनं काळं झालं होतं. रझाकाराला ते दिसलं नाही. रुक्मिणबाईला दिसलं.

"इसमें क्या छुपाया? खोल!" तो भट्टीवर वाकला.

"उघडू?"

"खोल बोला ना!"

तिनं तोंड फिरवलं आणि झाकण उघडलं.

भडका! किंकाळी! तो चेहरा धरून खाली कोसळला. इंजिन खोकलं, मरायला टेकलं. झाकण! गोणपाट कुठं पडलं कोण जाणे! बाईनं उघड्या तळव्यांनी तापलेलं लोखंड दाबून धरलं. कातडी चरचरली. ती किंचाळली, पण हात काढले नाहीत.

पहिला रझाकार भांबावून मागं भट्टीकडं धावला तोच चाँदपाशा रक्त थुंकत आत चढला. काडकन बांबू मोडला! मागून गोळी आली, काच फुटली, लॉरी ओढ्यातून पार झाली.

नांदेडात डॉक्टरनं गोळी काढली. ग्यानोबानं त्याला कचकचीत शिवी हासडली, तेव्हा कुठं रुक्मिणबाईच्या जिवात जीव आला आणि ती ढसाढसा रडली.

बाहेर पायरीवर चाँदपाशा फुटलेल्या ओठांनी पुटपुटला, "तोंड बाजूला घ्यायचं, येवढं त्या रझाकाराला सांगायचं तरी, भाबी."

बाईनं पट्ट्या बांधलेले हात मांडीवर ठेवले.

"त्यो इचारून कुठं चढला व्हता, भाऊ?"