डावा डोळा मिटून

"हा रंग मिळेल का?" म्हणत त्याने काउंटरवर लाकडाची एक ढलपी ठेवली, आणि मी डावा डोळा मिटला.

झालं एवढंच. पुढचा सगळा घोळ या एका डोळ्याने घातला, म्हणून त्याच्यापासूनच सुरुवात केलेली बरी.

मी मामाच्या रंगाच्या दुकानात रंग जुळवते. दुकानात मशीन आहे, बटण दाबलं की हवी ती छटा डब्यात पडते. पण पन्नास वर्षं उन्हात, धुरात आणि लोकांच्या हाताखाली मुरलेला लाल मशीनला कळत नाही. तो मला कळतो. गिऱ्हाईक जुनी ढलपी आणतं, मी वाटीत चार नळ्या पिळते, काडीने ढवळते, पत्र्याच्या पट्टीवर एक फराटा ओढते, वाळला की ढलपीशेजारी धरते. "आमच्या भाचीची नजर म्हणजे नजर!" असं मामा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो. ती नजर आता दीडच डोळ्यांची आहे हे मामाला माहीत आहे, तरी सांगतो.

अडीच वर्षांपूर्वी माझा डावा डोळा दुखायला लागला, मग धुरकटला. महिन्याभरात बरंचसं दिसायला लागलं, फक्त लाल पूर्ण परत आला नाही. त्या डोळ्याने टोमॅटो पाहिला तर तो चार वेळा धुतल्यासारखा दिसतो. डॉक्टरीणबाईंनी तपासण्या केल्या आणि लांबलचक नाव सांगितलं, मल्टिपल स्क्लेरोसिस. शरीर स्वतःच्याच मज्जातंतूंवरचं वेष्टण कुरतडतं म्हणे. "वायरवरचं रबर उंदराने खाल्लं की दिवा लुकलुकतो ना, तसं," मामाने आईला समजावलं. म्हणजे वायरही मीच आणि उंदीरही मीच!

तेव्हापासून रंग जुळवायचा म्हटलं की माझा डावा डोळा आपोआप मिटतो. मला पत्ताही नसतो. तशा मला बऱ्याच गोष्टींचा पत्ता नसतो. उजव्या पायातली चप्पल निसटते आणि मी चार पावलं तशीच चालते. दुपारी अडीच वाजता कुणीतरी बूच काढावं तशी अंगातली ताकद वाहून जाते, मग मी आतल्या खोलीत पुट्टीच्या पोत्यांवर पाऊण तास झोपते. उन्हाळ्यात मानेवर ओला नॅपकिन, कारण अंग तापलं की डोळा आणखी रुसतो. फ्रिजमध्ये दह्याशेजारी माझी इंजेक्शनं. सवय झालीय. रागही येतो, पण तो रोज यायला वेळ कुठे असतो?

तर तो ढलपीवाला. जुन्या लाकडी सामानाची दुरुस्ती करणारा सुतार, आमच्याच रस्त्याच्या टोकाला त्याचा कारखाना. लाल चौकड्यांचा शर्ट, कोपरावर भुसा.

"मिळेल," मी म्हणाले. "अर्धा तास लागेल."

"थांबतो की," तो म्हणाला, आणि कानापर्यंत लाजला. रंगाचा डबा घ्यायला आलेला माणूस लाजतो कशाला, हे मला कळलं नाही.

पुढच्या मंगळवारी तो पुन्हा आला, साडेदहाला. मंगळवारी त्याच्या कारखान्याला सुट्टी. मग त्याच्या पुढच्या मंगळवारी. कधी पाळण्याची दांडी, कधी कपाटाची मूठ, एकदा तर नुसतं सुपारीएवढं लाकूड.

"एवढ्याशाला काय रंगवणार?" मी विचारलं.

"आहे एक... फार लहान काम आहे."

"कुणाचं? मुंगीचं कपाट?"

"तिचीच ऑर्डर आहे," तो गंभीरपणे म्हणाला. "घाई करतेय बिचारी."

मी हसले. त्याच्याकडे बघता बघता माझ्या हातून वाटीतला रंग काठाबाहेर गेला, आणि उजव्या हाताच्या बोटांत मुंग्या आल्या.

आता इथे खरी पंचाईत. बोटांत मुंग्या, गुडघ्यांत पाणी, छातीत धडधड, बोलता बोलता शब्द हरवणं... हे सगळं माझ्या आजाराच्या यादीत आहे. दुसऱ्या एका यादीतही असतं असं मैत्रिणी सांगतात. पण मला फरक कसा कळायचा? डॉक्टरीणबाईंनी वही ठेवायला सांगितली होती: काही नवं झालं तर तारीख, वेळ लिहायची, आणि चोवीस तासांवर टिकलं तर लगेच फोन करायचा. मी इमानेइतबारे लिहिलं. मुंग्या, उजवा हात. पाय लटपटले, दोन मिनिटं. शब्द आठवेना, शब्द 'झाकण'.

डॉक्टरीणबाईंनी वही चाळली, चष्मा वर केला. "दर मंगळवारी साडेदहाला काय असतं गं?"

"एक गिऱ्हाईक येतं," मी म्हणाले.

"बरं," त्या म्हणाल्या. "याच्यावर माझ्याकडे औषध नाही." आणि खाली बघून हसल्या. मी घरी जाईपर्यंत विचार करत राहिले की हे चांगलं झालं की वाईट.

वाईटच वाटत होतं, खरं सांगते. कारण मी त्याला काही सांगितलं नव्हतं. त्याच्यापुढे मी नुसती रंग जुळवणारी होते, कुणाच्या सहानुभूतीची नाही की कुणाच्या काळजीची नाही. आठवड्यातला तो अर्धा तास मला तसाच हवा होता. सांगितलं तर जाईल, आणि नाही सांगितलं तर तो जिच्याशी बोलतोय ती मी नव्हेच.

सातव्या मंगळवारी त्याने ढलपी ठेवली, पण हात मागे घेतला नाही.

"एक विचारू? रागावणार नाही ना?"

"ते विचारल्यावर कळेल."

"तुम्ही... पहिल्याच दिवशी मला डोळा मारलात. मग दर वेळी. आता मी काही बोलायचं असतं की... नुसतं रंग घेऊन जायचं असतं, तेच कळेना मला."

मी? डोळा? क्षणभर काही उमगलं नाही. मग उमगलं, आणि काउंटरखाली जाऊन बसावंसं वाटलं. सात आठवडे हा माणूस माझ्या बिघडलेल्या डोळ्याला आमंत्रण समजून येत होता! सांगायची वेळ हीच होती. तोंड उघडलंसुद्धा, आणि त्यातून बाहेर काय पडलं तर —

"का? आवडलं नाही?"

"नाही! म्हणजे हो! म्हणजे... फार आवडलं," तो म्हणाला, दाराची चौकट खांद्याने ठोकून बाहेर गेला आणि डबा इथेच विसरला.

पुढच्या मंगळवारी त्याने खरं, मोठं काम आणलं. एका बाईंच्या चार लाल खुर्च्या, त्यांतल्या एकीला त्याने नवे पाय बसवले होते. नवे पाय बाकीच्या तिघींसारखे लाल हवेत. तो समोर उभा, हसू दाबत, माझ्या चेहऱ्याकडे टक लावून. आणि मी डोळा मिटू शकेना. मिटला तर तो आता सरळसरळ खोटेपणा. नाही मिटला तर याला वाटणार, मन बदललं. त्यात वीज गेलेली, पंखा बंद, नॅपकिन सुकलेला. मी दोन्ही डोळे सताड उघडे ठेवून रंग केला. फिका वाटला, म्हणून लाल घातला. अजून फिका वाटला. अजून घातला.

गुरुवारी तो खुर्ची खांद्यावर घेऊन आला. पाय असे भडक, की मामा हातातला ब्रश घेऊन दोन पावलं मागे सरकला.

"बाई म्हणाल्या, तीन खुर्च्या घरच्या वाटतात आणि ही पाहुणी," तो म्हणाला. रागावला नव्हता, गोंधळला होता. "तुझा हात कधी चुकत नाही... तुमचा. काय झालं?"

तो 'तुझा' ऐकून माझा उरलासुरला धीर सुटला. मामाला अचानक आतल्या खोलीतलं काहीतरी आठवलं. मी सांगून टाकलं, सगळं. डोळा, उंदीर, वायर, पुट्टीची पोती, दह्याशेजारची इंजेक्शनं. "मला लाल नीट बघायचा असेल तर डावा डोळा मिटावा लागतो. तुम्ही ते डोळा मारणं म्हणालात, मग मला लाज वाटली, मग मी मिटला नाही, मग ही खुर्ची अशी झाली."

मी त्याच्याकडे बघत राहिले. कीव आली तर काय बोलायचं हे मी ठरवून ठेवलं होतं. घाबरला तर काय, 'सगळं बरं होईल' म्हणाला तर काय, तेही. त्याने खुर्चीच्या भडक पायावरून अंगठा फिरवला.

"म्हणजे... एकदाही नाही?" त्याने विचारलं.

"काय एकदाही नाही?"

"डोळा. माझ्यासाठी म्हणून. एकदाही मारला नव्हता?"

याचं उत्तर मी ठरवलेलं नव्हतं. "नाही," मी म्हणाले, कारण ते खरं होतं.

त्याने मान हलवली, खुर्ची उचलली. "नवा डबा करून ठेवा," म्हणाला. 'ठेवा' म्हणाला. मी डावा डोळा मिटून बरोबर लाल केला, आणि तो मामाने पोहोचवला.

मंगळवार आला, साडेदहा वाजले, अकरा वाजले. दाराशी आलेल्या प्रत्येक सावलीला मी ढवळणं थांबवत होते. वहीत लिहिलं: मुंग्या नाहीत. पाय ठीक. शब्द सगळे आठवतात. इतकी तब्येत चांगली असून इतकं वाईट मला कधी वाटलं नव्हतं. तो आजाराला बिचकला होता की त्या न मारलेल्या डोळ्यावर रुसला होता, तेही कळत नव्हतं. रडायचं कशावर हेसुद्धा ठरेना. एवढं मात्र कळलं, की मला तो हवा होता.

"जाऊन ये ना कारखान्यात," मामा म्हणाला.

"काय सांगू जाऊन?"

"मुंगीचं कपाट झालं का, विचार."

म्हणजे हा आतून सगळं ऐकत होता तर!

त्याच्या पुढच्या मंगळवारी मी चप्पल घालून निघालेच होते, तेवढ्यात तोच दारात. तोच चौकड्यांचा शर्ट, आणि हातात एक उंच स्टूल. पाठ टेकायला फळी, पाय ठेवायला आडवी दांडी, रंग अजिबात नाही, कोरं लाकूड.

"हे काय?" मी विचारलं, जरा धारदारच. "कीव करायची असेल तर —"

"कीव कसली? तू उभी राहून थकतेस, मग रंग चुकतो, मग माझं गिऱ्हाईक बोंबलतं. स्वार्थ आहे माझा." त्याने स्टूल ठेवलं. "गेल्या मंगळवारी आलो नाही, कारण... कुठल्या तोंडाने येऊ? आईला सांगून बसलो होतो की रंगाच्या दुकानातली मुलगी मला डोळा मारते. कारखान्यात सगळ्यांना माहीत. आणि निघालं काय, तर तू माझ्याकडे बघतही नव्हतीस."

"बघत होते," मी म्हणाले. "दुसऱ्या डोळ्याने."

तो थबकला. मग काउंटरवर दोन्ही हात टेकून म्हणाला, "त्या आजाराबद्दल वाचलं मी. आठवडाभर वाचलं. जितकं वाचलं तितका गोंधळलो. एक म्हणतो असं होतं, दुसरा म्हणतो होईलच असं नाही."

"मलाही तेच सांगतात. कदाचित पुढे काठी लागेल. कदाचित कधीच लागणार नाही. कुणालाच माहीत नाही, आणि मला कुणाला त्यात ओढायचं नाहीये."

"काठी करायला मला एक दिवस लागतो," तो म्हणाला. "आणि मी ओढलेला नाही. चालत आलोय. बस ना जरा, उंची बघू."

मी बसले. स्टूल डुगडुगलं. मी एकीकडे, मग दुसरीकडे. त्याने खाली वाकून पाहिलं, आणि पुन्हा कानापर्यंत लाल झाला.

"एक पाय आखूड झालाय! आजवर माझं माप चुकलं नाही कधी..."

"काय झालं होतं?" मी त्याचाच प्रश्न त्याला केला.

"तुझा विचार करत होतो," तो म्हणाला. इतकं सरळ, की आतल्या खोलीत मामाच्या हातून काहीतरी पडलं.

माझ्या बोटांत मुंग्या आल्या. हा आजार की तो, हे मी शोधत बसले नाही. एकाच अंगात दोघेही राहणार असतील तर राहू देत.

"इकडे बघ," मी म्हणाले, आणि उजवा डोळा मिटला. माझा चांगला डोळा. दुकान धुरकटलं, त्याच्या शर्टावरचा लाल फिका पडला, चेहऱ्याच्या कडा विरघळल्या. तरी तो तिथेच होता, काउंटरला टेकून.

"चुकलीस," तो हळूच म्हणाला. "दर वेळी डावा असतो."

"तो कामाचा. हा तुझ्यासाठी."

आणि बराच वेळ मी तो उघडलाच नाही.