पटावर बारा

कस्टम्समध्ये अठरा वर्षं काढल्यावर माणसाला लिहिण्याचा एकच प्रकार येतो: तपासणीचा अहवाल. कलकत्त्याच्या खिदिरपूर गोदीत आलेल्या खोक्यावर काय लिहिलंय आणि आत काय निघतं, हे ताडून पाहणं माझं काम. म्हणून हेही त्याच रकान्यांत लिहितो. रकान्याबाहेर जे सांडेल त्याला माझा इलाज नाही.

तक्रार

साल १९७२. भवानीपूरच्या आमच्या मराठी मंडळाच्या मागच्या खोलीत दर रविवारी सकाळी वृंदाताईंचा चित्रकलेचा वर्ग भरतो. नियम असा, की बारा मुलं नसतील तर खोली मंडळाला परत. वृंदाताईंच्या पटावर बारा आहेत. चिटणीस गुरुदत्तला खिडकीतून अकराच दिसतात. त्याला तिथे टेबल टेनिसचं टेबल मांडायचंय, हे मात्र त्याने तक्रारीत लिहिलेलं नाही.

"श्यामकांत, तू मोजून ये," तो म्हणाला. "कस्टम्सच्या माणसाच्या मोजणीवर कोण बोलणार?"

माल

मोजली. अकरा मुलं, बारा पाट, बारा कागद, रंगाच्या बारा वाट्या. खिडकीजवळचा पाट रिकामा.

वृंदाताई सत्तरीच्या, जन्म कलकत्त्याचा. वडील शाळामास्तर आणि पक्के थिऑसॉफीवाले. "आमच्या घरी चित्रकार, लेखक, मास्तर सगळे एका पंगतीला बसायचे आणि आत्म्यावर भांडत चौथी पोळी मागायचे," त्या हसत म्हणाल्या. "एक पान नेहमी जास्त वाढायचं. न दिसणाऱ्या पाहुण्याचं. मी पान वाढत नाही, पाट मांडते."

"म्हणजे बारावा विद्यार्थी हा?"

"हो."

"त्याची फी?"

"तुम्ही सगळे या अकरांची तरी वेळेवर देता का?"

मुलं खिदळली. नऊ वर्षांची शैला मला म्हणाली, "काका, तिकडे सरा ना. तुमची सावली त्याच्या कागदावर येते."

मी सरलो. का सरलो, ते आठवत नाही.

पद्धत

ताई मुलांना वस्तू बघून काढू देत नाहीत. डोळे मिटायचे, वस्तूभोवती जो रंग जाणवेल तो लावायचा, आकार मागाहून आपोआप येतो. हे त्या लहानपणी मद्रासला, अड्यारच्या थिऑसॉफीवाल्यांच्या मुख्य ठाण्यात शिकल्या. निकाल: दिगंबर नावाच्या मुलाने आपल्या आजोबांना केशरी वांगं केलेलं आहे. आजोबांनी ते चित्र दिवाणखान्यात लावलंय.

मला ताई आवडल्या. वर्ग बंद झाला तर त्यांना घरी चार भिंतींशी बोलत बसावं लागेल, हेही दिसत होतं. पण अकरा म्हणजे अकरा.

"पुढच्या रविवारी मी सील केलेली पेटी आणतो," मी म्हटलं. "आत काय आहे ते सगळ्यांनी काढायचं. बारा चित्रं आली, तर बारा लिहीन."

ताईंना तोंडावर नकार देणं अवघड होतं, म्हणून ही युक्ती. ताई म्हणाल्या, "चालेल."

वेष्टन

शनिवारी दुपारी घरी चहाची एक प्लायवुडची पेटी काढली, कडांना पत्र्याच्या पट्ट्या असलेली. बायको, कालिंदी, बाजारात गेली होती. चष्म्याच्या डाव्या काडीचा स्क्रू पडला होता, तिथे मी पांढरा दोरा बांधला होता. वर दोरीवर कालिंदीचं हिरवं लुगडं वाळत होतं. मी वाकून पेटीत पाहिलं, झाकण ठोकलं, तार ओवून शिशाचं सील दाबलं.

पेटीत काहीही ठेवलं नव्हतं. तोच डाव होता: जे नाहीच, ते कोण काढणार?

संध्याकाळी चष्म्याला नवा स्क्रू बसवून आणला.

वजन

रविवारी पेटी उचलताना मी कण्हलो. डाव तिला सांगितलेला, त्यामुळे कालिंदी हसली. "अहो, रिकामी ना ती? मग एवढं काय?"

"वय झालं."

"कालपर्यंत नव्हतं झालं."

ट्रामच्या पायरीवर ती चढवायला कंडक्टरने हात दिला. खाली ठेवताना त्यानेही हुश्श केलं.

तपासणी

अर्धा तास वर्ग शांत होता. मी रिकाम्या पाटाशेजारी, सावली पडणार नाही असा बसलो. तो कागद मी सतत बघत होतो. कोरा.

मग चित्रं गोळा झाली. हत्ती. इलिश मासा. फुटबॉल. दिगंबरने पुन्हा वांगं काढलं होतं, या वेळी निळं. शैलाची पेटी तर पंख लावून हुगळीवरून उडत होती. सील तोडलं. मुलांनी डोकी आत घातली.

"ए मा! काहीच नाही!"

"फसवलंत काका!"

एवढा हशा झाला की पुढच्या खोलीतून गुरुदत्त डोकावून गेला. ताईसुद्धा डोळे पुसत हसत होत्या.

"अकरा," मी म्हटलं. आवाज शक्य तितका मऊ ठेवला.

"बारा," शैलाने खिडकीजवळचा कागद आणून दिला.

रंग ओला होता.

चारी बाजूंनी काळं. मधोमध उजेडाचा चौकोन. त्यात वरून खाली वाकलेला एक चेहरा.

माझा.

चष्म्याच्या डाव्या काडीला पांढरा दोरा. डोक्यामागे हिरवं लुगडं. हातात झाकण.

मुलं वाटीतल्या लाह्यांवर तुटून पडली होती. ताईंनी चित्र पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "चहा घेणार ना?"

घेतला. दोन कप.

शेरा

पटावर बारा. हजर बारा. वर्ग चालू ठेवावा. टेबल टेनिससाठी गच्ची पाहावी.

सही केली आणि मग लक्षात आलं, की वजनाच्या रकान्यात एक नोंद राहिली.

परत जाताना पेटी मी एका हाताने ट्राममध्ये चढवली.