भिंतीत ठेवलेलं सूत

संत पेत्कामातेला मी एकदा नवस बोलले होते. देवापुढे बसून नाही, ओल्या सिमेंटात कोपरापर्यंत हात घालून. तिच्या सणाच्या आदल्या रात्री ही रुसानाकाकू गरम पाव शालीत गुंडाळून त्सोनका आजींकडे का जाते, असं तुम्ही पोरं विचारत असता ना? मग ऐका. आधी ते दार लावून घ्या, शेगडीची धग जातेय.

चार वर्षं झाली. तेरा ऑक्टोबर, बुधवार, सणाचा आदला दिवस. तुमच्या स्तामेनकाकांनी त्सोनका आजींची न्हाणी करायला घेतली होती. फरशी कुणीही चिकटवतो, खरं काम त्याच्या आधीचं, असं ते नेहमी म्हणतात. भिंत हातोडीच्या दांड्यानं वीतवीतभर अंतरावर ठोकायची. आवाज भरीव आला की पुढं जायचं. पोकळ आला की तिथला गिलावा खरवडून काढायचा, नाहीतर वर्षाच्या आत फरशी सुटते.

त्या दिवशी खिडकीजवळ आवाज पोकळ आला. गिलावा पाडला तर आत कोनाडा, आणि कोनाड्यात लोकरीचं सूत गुंडाळून ठेवलेलं. दोन्ही टोकांना गाठी.

त्सोनका आजींचा चेहरा उतरला. "अरे, हे जुन्या गवंड्यांचं. घर टिकावं म्हणून वाटसरूची सावली गुपचूप सुतानं मोजायचे आणि ते सूत भिंतीत चिणायचे. ज्याची सावली चिणली तो चाळीस दिवसांत मरायचा, मग त्याच्या आत्म्यानंच घर राखायचं. ठेव ते परत."

"आजी, आता तुमचं घर सिमेंट राखेल," स्तामेन हसला.

"तुझं सिमेंट? मागच्या खेपेला माझी पायरी तडकली, तेव्हा कुठं गेलं होतं तुझं सिमेंट?"

तो आणखीच हसला. दुपारी त्याची स्वतःची दोरी तुटली, तर ह्या शहाण्यानं तेच सूत खिडकीपासून दारापर्यंत जमिनीलगत ताणलं, उतार बघायला. साडेपाच वाजता सपाटीचा माल, म्हणजे जमीन सारखी करायचं पातळ सिमेंट, कालवला. तो माल वीस मिनिटांत ओतावाच लागतो. घाईत सूत खालीच राहिलं.

रात्री आठला तो जेवायला बसला. घेवड्याचं सूप तसंच गार झालं. उठला, बसला, पुन्हा उठला.

"काय होतंय तुला?"

"खिडकी उघडी राहिली वाटतं. वारा लागला तर माल तडकेल. बघून येतो."

त्याला एकट्याला पाठवायला मन होईना, म्हणून शाल घेतली आणि मीही निघाले.

त्सोनका आजी फाटकातच उभ्या होत्या. त्यांनी माझं मनगट धरलं. "रुसाना, माल ओतताना ऊन त्याच्या पाठीवर होतं. त्याची सावली त्या सुतावर पडली होती, डोक्यापासून पायापर्यंत. त्यावरच ओतलंन् त्यानं. माल दगड व्हायला किती वेळ लागतो गं?"

"चार तास," मी म्हटलं. पावणेनऊ वाजले होते.

आम्ही आत गेलो. खिडकी बंदच होती.

टक्...

"उंदीर असेल," स्तामेन म्हणाला.

टक्... वीतभर पुढं. टक्... आणखी वीतभर. तो स्वतः ठोकतो तसंच. पण आतून. आवाज भिंतीभिंतीनं सरकत कोनाड्यापाशी आला. थांबला.

मी मागचा दिवा लावला. समोरच्या भिंतीवर एकच सावली पडली. माझी.

"रुसाना..." त्यानं भिंतीकडे बोट केलं.

"सूत काढ."

"सगळी सपाटी बिघडेल गं..."

तेव्हासुद्धा त्याच्यातला फरशीवाला गप्प बसेना! मग आवाज खाली आला. जमिनीखाली. त्याच्या पायांखाली. टक्. त्याचे पाय उचलेनात. ओठ पांढरे पडले...

मी गुडघ्यांवर बसले. वर साय धरली होती. ती फोडून हात आत घातला.

"पेत्कामाते, माझा माणूस मला राहू दे. जगेन तोवर तुझ्या सणाच्या आदल्या रात्री इथं पाव आणीन. भिंतीतला जो कोणी असेल, त्याच्या नावानं."

सूत हाताला लागलं. गार होतं. ओढलं. जड होतं... पलीकडून कुणी धरावं तसं. पुन्हा ओढलं. दाराशी अडकलं. आणि तुटलं.

वीतभर आतच राहिलं.

उरलेलं मी कोनाड्यात ठेवलं. "तुझी जागा तुला परत केली. कोण असशील ते अस. आमचं माणूस आम्हाला दे."

टक्. एकदाच.

स्तामेननं मोठा श्वास घेतला, अगदी पाण्यातून वर आल्यासारखा. भिंतीवर हळूहळू दुसरी सावली उमटली. मी त्याचा हात धरला आणि आम्ही बाहेर पडलो.

दुसऱ्या दिवशी त्यानं दाराशी छिन्नी लावली. वीत वीत जमीन उकरली. तो तुकडा काही सापडला नाही. मग पुन्हा माल ओतला, फरशी बसवली. कोनाड्यासमोर मात्र त्यानं एक फरशी सुटी ठेवलीय. मी पाव तिथंच ठेवते.

चाळीस दिवस मी रोज दिवा लावला. एकेचाळिसाव्या दिवशी सकाळी स्तामेन अंगणात लाकडं फोडत होता. पेत्कामातेची कृपा! पळत जाऊन त्याच्या शेजारी उभी राहिले. तो माझ्यापेक्षा वीतभर उंच आहे, तुम्ही बघताच. त्या उन्हात आमच्या दोन सावल्या शेजारी शेजारी पडल्या होत्या... अगदी बरोबरीच्या. आजही तशाच पडतात. उद्या ऊन पडलं की बघा. त्याला मात्र काही बोलू नका.

आणि एवढं माझं ऐका. उद्या तुमची घरं होतील, जुन्या भिंती उघडाल. ठोकाल तेव्हा नीट कान देऊन ठोका. आत काही निघालं तर हसू नका, जिथलं तिथं ठेवा. आणि पेत्कामातेच्या सणाला एक पाव जास्त मळा, ज्याचं नाव कुणालाच ठाऊक नाही त्याच्यासाठी. मी थकले की त्सोनका आजींकडचा पावही तुमच्यापैकी कुणीतरी घेऊन जा. न्याल ना?