झुलालनानांची नळी

चिंधाभाऊंचं सायकलचं दुकान म्हणजे जळगावातली एक पत्र्याची खोली आणि वर लाकडी माळा. पण जुन्या पोलादी रेसिंग सायकलची फ्रेम तडकली, की जिल्ह्यातले शौकीन इथंच यायचे. चिंधाभाऊ झुलालनानांच्या हाताखाली तयार झालेले. नाना डावखुरे, तिरसट, पण नळी निवडावी तर त्यांनीच. त्यांना जाऊन सतरा वर्षं झाली, तरी भिंतीवरच्या फोटोतून ते अजून कामावर नजर ठेवून होते.

बुधवारी दिपमाला आली. शिकवणीत गणित शिकवायची, बोलायला फटाकडी. वडिलांची हळदी रंगाची फ्रेम तिनं टेबलावर ठेवली. फ्रेम नानांनीच बांधलेली. खालच्या नळीला केसाएवढी भेग होती.

"काका, रविवारी जळगाव ते धुळे जुन्या सायकलींची शर्यत आहे. आप्पांचा हिच्यावर दुसरा नंबर आला होता. मला पहिला काढायचाय. वजन मात्र वाढवायचं नाही हं!"

चिंधाभाऊंनी वजनकाटा काढला. फ्रेम हातात घेऊन उभं राहायचं, मग रिकाम्या हातानं, आणि वजाबाकी करायची. त्र्याण्णव. मग एक्क्याण्णव. भाऊंनी झटकन पाय उचलले. घरी बायकोला, प्रमिलाबाईंना, त्यांनी ब्याऐंशी सांगून ठेवलं होतं.

"फ्रेम दोन किलो शे," ते खाकरत अहिराणीत म्हणाले.

"आणि तुम्ही?"

"तू तुझं सांग."

"बावन्न. मला काय लपवायचंय?"

बावन्न म्हटल्यावर भाऊ थबकले. माळ्यावर नानांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक नळी होती. नळी कुणासाठी, किती वजनाजोगी आहे ते नाना तिच्यावर खडूनं लिहायचे. हिच्यावर नाव नव्हतं, नुसतं ५२. कितीही गिऱ्हाइकं आली तरी नाना ती विकायचे नाहीत, म्हणायचे, "ती ठेवेल शे. इकानी नही."

भाऊंनी नानांची दुहेरी गाठ सोडली. नखानं नळी वाजवली. टोकांना जाड, म्हणून टण. मधे पातळ, म्हणून टिंग. असली नळी आता बाजारात मिळत नाही. फ्रेमला लावून पाहिली तर दोन्ही टोकं आधीच बरोबर त्या कोनात घासलेली. कानस एकदासुद्धा फिरवायला नको. दिपमालानं टाळ्या पिटल्या. भाऊंच्या हातावर मात्र काटा आला.

ती गेली आणि भाऊंना नशिराबादचा अखिल आठवला. तीन वर्षांपूर्वी त्यांनीच बसवलेली पातळ नळी उतारावर मोडली आणि त्याचा खांदा निखळला. तेव्हापासून पातळ नळीचं नाव काढलं की ते विषय बदलायचे. पोरीची मान मोडली तर आप्पांना काय तोंड दाखवायचं? शेवटी त्यांनी बाजारातला जाड पाइप घ्यायचं ठरवलं. पोरीला सांगायचं नाही. नानांची नळी तशीच गुंडाळून, आपली साधी गाठ मारून माळ्यावर टाकली.

शुक्रवारी दुपारी पितळेचा जोड मारायला गॅस पेटवला. ज्योत विझली. पुन्हा पेटवला, पुन्हा विझली. वारा नव्हता, टाकी भरलेली होती. तिसऱ्यांदा विझल्यावर भाऊ फोटोकडे वळले.

"नाना, पोरीच्या मानेचा प्रश्न शे. गप बसा ना!"

चौथ्यांदा ज्योत टिकली. जोड झाला, हळदी रंग मारला. रविवारी पहाटे दिपमाला सायकल घेऊन गेली. "नानांचीच नळी ना?" तिनं विचारलं. "हो," भाऊ म्हणाले, आणि दिवसभर त्या एका शब्दानं त्यांना जेवण गेलं नाही.

चार वाजता ती टेम्पोतून सायकलीसह दुकानात हजर. हातात पेढे.

"पहिली आले, काका! पारोळ्याच्या पुढं तर नुसती उडाली. तुम्ही शब्द पाळलात!"

भाऊंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतकं प्रेमानं कुणी बोललं की खोटं पचत नाही.

"माय, एक सांगायचंय. ती नळी नानांची नाही. थांब, ऐकवतोच."

त्यांनी नखानं वाजवली.

टण. टिंग. टण.

त्यांनी पुन्हा वाजवली. मधे टिंगच.

"हे काय ऐकवताय?" दिपमाला पेढा खात हसली.

भाऊ वाकले. जोडावर कानशीचे बारीक ओरखडे होते. सगळे डावीकडून मारलेले.

नव्वद किलोमीटर पोरगी त्या नळीवर गेली होती. भाऊंनी सायकल भिंतीला टेकवली. मग ते शिडी चढले.

पुडकं जागेवरच होतं. वर दुहेरी गाठ.

त्यांनी गाठ सोडली. आत त्यांचाच जाड पाइप होता. दोन्ही टोकांना त्यांनीच ओतलेलं पितळ. हळदी रंग अजून बोटाला चिकटत होता.

"काका, काय सापडलं?" खालून आवाज आला.

भाऊंनी पाइप उजेडात फिरवला. एका बाजूला खडूची अक्षरं होती, डावीकडे झुकलेली.

चिंधा. ९१.